जिथे सरांचं वाचन थांबायचं

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मला गृहपाठ मिळाला, आणि तोही माझ्याहून चौदा वर्षांनी लहान माणसाकडून. मी सुरतच्या एका खासगी कॉलेजात बावीस वर्षं गणित शिकवतेय. पीएचडी नाही म्हणून दर जूनमध्ये नोकरी नव्याने मागावी लागायची, तेव्हा उशिरा का होईना, विद्यापीठात नाव नोंदवलं. अट अशी, की पहिल्या वर्षी एका वरच्या दर्जाच्या विषयात पास व्हायचं, नाही तर नोंदणी रद्द. या वयात मला पुन्हा कोण दारात उभं करणार होतं? माझ्या वाट्याला विषय आला ली ग्रुप्स.

हे ली ग्रुप्स काय असतं, असं आईने विचारलं तेव्हा मी तिच्या ताटातलं लिंबू उचललं आणि बोटांत फिरवून दाखवलं. हे जितक्या तऱ्हांनी फिरवता येतं त्या सगळ्या तऱ्हा एकत्र घ्यायच्या, आणि एकीतून दुसरीत कुठेही उडी न मारता हळूहळू जाता येतं एवढं लक्षात ठेवायचं. आईने लिंबू परत मागून घेतलं आणि विचारलं, की एवढ्यासाठी तू पांडेसऱ्याहून दोन बस बदलून जातेस? वडील इथल्या डाइंग मिलमध्ये होते, त्यामुळे कामाला जाणं म्हणजे काय हे तिला पक्कं ठाऊक. हे तिला कामात धरण्यासारखं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी हा विषय शिकवणाऱ्या सरांनी एक पान वाटलं. गृहपाठ गुरुवारी दुपारपर्यंत, हाताने लिहून. कुणाशीही चर्चा करा, पण ज्याच्याशी केली त्याचं नाव वर लिहा. दर तासाआधी वीसेक पानं वाचून यायचं आणि त्यातलं न समजलेलं एक काही चिठ्ठीवर लिहून आणायचं. चिठ्ठी नाही तर वर्गात बसायचं नाही. आणि शेवटी लिहिलं होतं, की तुमचा गृहपाठ मी पहिली शंका येईपर्यंतच वाचेन, तिथे पेन्सिलीने रेघ मारेन, तिथून पुढे तुम्ही पुन्हा लिहायचं, हवं तितक्या वेळा. गृहपाठाचे मार्क रेघ शेवटी कुठे पोहोचली त्यावर.

वर्गात आम्ही सात जण, बाकीचे सहा माझ्या मुलीच्या वयाचे. मी मनात म्हटलं, पोरगं हुशार दिसतंय, पण नवखं असणार, दोन आठवड्यांत थकेल. मनात मी त्यांना पोरगंच म्हणायचे, तोंडावर सर.

पहिला गृहपाठ मी सुवाच्य लिहिला. समास, ठळक शीर्षकं, खाली दोन रेघा मारून ‘सिद्ध झाले’. परत आला तेव्हा पेन्सिलीची रेघ पहिल्याच पानावर तिसऱ्या ओळीखाली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! त्या ओळीत मी ‘हे उघड आहे’ असं लिहिलं होतं, आणि खरोखर उघडच होतं ते, हातच्या काकणाला आरसा कशाला? तशीच तरातरा त्यांच्या खोलीत गेले. मी बावीस वर्षं शिकवतेय, हे त्यांना दोनदा ऐकवलं. त्यांनी खुर्ची दिली, थर्मासमधला चहा दिला, आणि माझं बोलणं संपल्यावर सुरती गुजरातीत इतकंच म्हणाले, की बेन, उघड असेल तर एका ओळीत लिहून होईल. मी तिथेच कागद ओढला. एक ओळ पुरली नाही, दीड पान लागलं, आणि मध्ये दोनदा खोडावं लागलं. चहा गार झाला. सरांनी तो ओतून दुसरा दिला, याचाच मला जास्त राग आला.

चिठ्ठीचं तर विचारूच नका. पहिले तीन आठवडे मी ‘शंका नाही’ असं लिहून दिलं. पोराटोरांसमोर मास्तरणीने काय शंका काढायची? चौथ्या आठवड्यात सरांनी माझी चिठ्ठी परत दिली. मागे बारीक अक्षरात एका पानाचा आणि ओळीचा आकडा, पुढे ‘का?’. ती ओळ मी तीनदा वाचली होती, खाली पेनने रेघही ओढली होती. बसमध्ये बसून उधन्यापर्यंत मी त्या ‘का’कडे बघत राहिले आणि मला काहीही सांगता येईना. माझं पितळ उघडं पडलं होतं, आणि ते फक्त मला आणि सरांना माहीत होतं.

घरी आई मेथी निवडत होती. माझं तोंड बघून तिने खोदून खोदून विचारलं, मीही सांगून टाकलं. तिने जुडी खाली ठेवली आणि ती आमच्या अहिराणीत म्हणाली:

“मास्तरीन शेस ना तू? मंग इचाराले काय लाज वाटस?”

लाज वाटत होती, हेच तर होतं. पण पुढच्या चिठ्ठीवर मी ती ओळ लिहिली. सरांनी वर्गात कुणाचंही नाव न घेता त्या एका ओळीवर अख्खा तास घालवला, आणि तो तास ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण कॉलेजात होतो तेव्हा हा माणूस भेटायला हवा होता. तेव्हा ते बालवाडीत असतील, ही गोष्ट वेगळी.

मग आला सातवा गृहपाठ, तिसरा प्रश्न. समूहात, म्हणजे ग्रुपमध्ये, एका ठरलेल्या जागी उभं राहायचं, एका दिशेला धक्का द्यायचा आणि न वळता चालत राहायचं. असं करून समूहातल्या प्रत्येक जागी पोहोचता येतं, असं विधान होतं. पुढे एक समूह दिला होता, दोन ओळी दोन स्तंभांच्या मॅट्रिक्सचा. मी चार पानांचा पुरावा लिहिला, की येतं. रेघ दुसऱ्या पानावर. पुन्हा लिहिला, रेघ तिसऱ्या पानावर. मला वाटलं, चला, सरकतेय. तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा रेघ मागे आली. चौथ्या वेळी स्टाफरूममध्ये मी इतक्या जोरात वही आपटली, की शेजारच्या बाईंनी पाणी आणून दिलं. आणि पाणी पिता पिता मी प्रश्न पहिल्यांदा नीट वाचला. वर लिहिलं होतं: खरं की खोटं ते ठरवा.

मी तो चारही वेळा ‘सिद्ध करा’ असाच वाचला होता. आमच्या पेपरात प्रश्न ‘सिद्ध करा’ असाच असतो. वीस वर्षं पेपर मीच तर काढतेय. विचारलंय म्हणजे खरंच असणार, हे आमच्या हाडात भिनलेलं. त्या दुपारी दोन तासिकांच्या मधल्या वेळात मी खोट्याच्या बाजूने शोधायला लागले आणि अर्ध्या तासात एक मॅट्रिक्स हाती आलं: कर्णावर दोन्ही जागी उणे एक, कोपऱ्यात एक, उरलेल्या जागी शून्य. कोणत्याही दिशेने निघा, न वळता तिथे पोहोचताच येत नाही. मला भर स्टाफरूममध्ये नाचावंसं वाटलं. मग आठवलं, सरांनी माझे चारही खर्डे पहिल्या ओळीपासून वाचले होते. पहिल्याच दिवशी ‘हे खोटं आहे’ असं लिहून ते मोकळे झाले असते. खोट्या गोष्टीचा पुरावा चार चार वेळा, तोही माझ्यासारख्या भांडखोर बाईचा, शांतपणे वाचायला काय लागत असेल! एकदा शिव्या द्यायला गेलेली मी त्यांच्याच दारात हात जोडून आले. त्या दिवसापासून ते मनातही सर झाले.

रेघांचे मार्क निम्मे, उरलेले तोंडी परीक्षेचे. त्यात पास झालं नाही तर सगळंच गेलं. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, घाईत होते, त्यांना संध्याकाळची गाडी होती. त्यांनी विचारलं, की समूह जोडलेला आणि बंदिस्त असेल तर मात्र सगळीकडे पोहोचता येतं, ते का? हे वाचनात होतं. मला शब्द न् शब्द पाठ होतं. पाठांतरावर तर आयुष्य काढलंय! मी फळ्यावर लिहायला लागले, भराभर, सुवाच्य. मध्ये एक पायरी येते, जिथे एका बिंदूपाशी किती वाटा येतात ते मोजतात आणि त्यावरून म्हणतात, की मग प्रत्येक बिंदूपाशी किमान एक वाट येतेच. पुढची ओळ मला येत होती. परीक्षक मान डोलावत होते. अजून चार ओळी, की मी पास.

माझा हात थांबला. मी सरांकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर धीर सुटला असता.

“इथून पुढे मला पाठ आहे, समजलेलं नाही,” मी म्हटलं.

माझ्या डोळ्यांसमोर नोंदणी, जून, आई, सगळं एका दमात येऊन गेलं आणि मला वाटलं, बाई, हे काय करून बसलीस. परीक्षकांनी चष्मा काढला. मग उठले, माझ्या हातातला खडू घेतला आणि म्हणाले, नेमकं काय समजत नाही ते दाखवा. पाऊण तास आम्ही दोघं त्या एका पायरीशी झटत होतो. मी भांडले, त्यांनी पुसलं, मी पुन्हा लिहिलं. त्यांची गाडी चुकली बहुतेक. शेवटी ती पायरी मी माझ्या शब्दांत सांगितली आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहून सही केली.

बाहेर मी भिंतीला टेकून उभी होते. सर आले आणि पास झालात एवढंच म्हणाले. मला रडू फुटलं. ते जरा अवघडले, मग सांगू लागले.

“बेन, ती पायरी मला गेल्या वर्षी समजली. त्याआधी तीन वर्षं मी वर्गात इथपर्यंत यायचो आणि सांगायचो, की याच्या पुढचं मला कळलेलं नाही.”

तीन वर्षं. भर वर्गात, बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांसमोर. माझ्या वर्गांतून बावीस वर्षांत हजारांनी पोरं गेली असतील, त्यांतल्या एकानेही माझ्या तोंडून असं वाक्य ऐकलेलं नाही.