स्टेबल आणि बेटर

तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी म्हणे भांडून बायकोला घराबाहेर काढलं. ही आवई मी उठवली नाही, फक्त वरच्या मजल्यापर्यंत पोचवली. खरं एवढंच होतं की काकू इस्पितळात होत्या. मास्तर सकाळी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी बहुतेक तसाच परत आणायचे.

मास्तर इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे. शब्द कधी एकटा शिकवायचे नाहीत. शेजारी त्याचा भाऊबंद उभा करून फरक विचारायचे. आम्हा शेजाऱ्यांनाही सोडत नसत. मला एकदा जिन्यात गाठून म्हणाले, "वहिनी, सहज कानावर पडतं ते हिअर. भिंतीला कान लावून ऐकतात ते लिसन. तुमचं सगळं लिसनमध्ये मोडतं."

तर माझ्या त्याच भिंतीपलीकडे परदेशातल्या लेकीचा रोज फोन यायचा, मास्तर तो स्पीकरवर घ्यायचे.

"डॉक्टर काय म्हणाले, बाबा?"

"स्टेबल आहे म्हणाले."

"म्हणजे बेटर ना? चला, सुटले. मग मी पुढच्या महिन्यातच येते, तेव्हा सुट्टी मिळेल."

मास्तर म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी जिन्यात मी मुद्दाम विचारलं, "स्टेबल म्हणजे काकूंना उतार पडतोय ना?"

"छे! बेटर म्हणजे कालच्यापेक्षा बरं. स्टेबल म्हणजे जसं काल, तसंच आज. मग काल कितीही वाईट असो."

मला फोड करून सांगितलं. लेकीला मात्र नाही. तिचा रोजचा 'बेटर' तसाच चालू राहिला आणि मास्तरांचं 'बरं'ही.

पुढचा महिना काकूंनी पाहिला नाही. लेक धावत आली तेव्हा घरातली त्यांची खाट रिकामी होती, गादी गच्चीवर टाकलेली. पोरगी बापाशी भांडलीही नाही. तिनं आईच्या साड्यांच्या घड्या घातल्या आणि परत गेली.

त्यानंतर चहा घेऊन गेले, तर मास्तर अंधारात बसलेले. दिवा मीच लावला. जिभेला हाड नाही माझ्या, बोलून गेले, "मास्तर, आम्हाला जिन्यात अडवून सुधारायचात. पोटच्या पोरीचीच चूक तेवढी कशी सोडलीत?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुमची चूक सुधारताना माझं काय जात होतं, वहिनी? ती बेटर म्हणायची ना, तेवढ्यापुरतं मलाही खरं वाटायचं."