गावानं दारं काढली

हवालदार भंवरू खानानं फौजेतून सुटण्याचा बेत नदीवर पूल टाकावा तसा आखला होता. त्याचं कामच ते. तो सॅपर, रस्ता संपेल तिथून पुढे रस्ता काढायचा, खंदक खणायचे, पूल उभारायचे, यातच सारी जवानी गेली. आता सुटायला थोडेच महिने उरले होते आणि पलीकडच्या तीरावर काय काय आहे ते त्याच्या डोक्यात पक्कं होतं. जयपूरला एका कारखान्यात पहारेकऱ्यांवरचा मुकादम म्हणून नोकरी. आधी सुटलेल्या एका दोस्तानं शब्द टाकून ठेवला होता. कारखान्याजवळ दोन खोल्या. म्हाताऱ्या वडिलांसाठी हाकेच्या अंतरावर दवाखाना. शेखावाटीतल्या आपल्या गावची वाळू, उंट, बाजरी, सगळ्याला एकदाचा सलाम.

हे त्यानं बायकोला, जैतूनला, फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

त्या शब्दावर भरवसा ठेवून तो शेवटच्या लांब रजेवर गावी आला, सामान बांधायला.

पण सामान बांधायला बसावं तर दारात कुणी ना कुणी उभंच. सकाळी कुणाची म्हैस अडलेली, दुपारी कुणाची सून रुसून माहेरी निघालेली, संध्याकाळी दोन भावांत पाण्यावरून पेटलेलं. जैतून हातातलं काम टाकून ओढणी सावरत निघायची.

"हे घर आहे की पलटणीचं गेट?" भंवरू एकदा वैतागून म्हणाला. "येईल तो सरळ आत!"

"गेटावर पहारा असतो," जैतून चुलीपुढून म्हणाली. "इथं नाही, म्हणून येतात बिचारे."

अंगणात बाजेवर हुक्का ओढणारे अब्बा, मंगू खान, खो खो हसले. तेही जुने फौजी. "भंवरू, मी सुटून घरी आलो ना, तेव्हा तुझ्या आईनं कितीतरी दिवस मला पाहुण्यांच्या ताटात वाढलं. एक दिवस रोजच्या चेपलेल्या ताटात ताकातल्या बाजरीची राबडी आली, तेव्हा समजलं, की आता आपण घरचे झालो."

"अब्बा, मला जयपूरला जायचंय. ताटं तिथं नवीनच घेऊ."

अब्बांनी हुक्क्याची नळी झाडली.

त्या उन्हाळ्यात पावसाच्या आधी जो तो टाकं खणत होता. या मुलखात पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यात साठवलं तरच वर्ष निघतं. शेजारचा सुरजारामही घरामागे खणत होता. खड्डा दोन पुरुष खोल गेला होता आणि बाजूंना अजून गिलावा नव्हता. एका दुपारी भंवरू जेवायला बसला असताना मागून धप्प असा आवाज आला, आणि पाठोपाठ सुरजारामच्या बायकोची, गोमतीची किंकाळी.

भंवरू उष्ट्या हातानंच धावला. एका बाजूची वाळू कोसळून सुरजाराम गळ्यापर्यंत गाडला गेला होता. वर दिसत होतं फक्त डोकं आणि एक हात. वाळू अजून झिरपतच होती. वीसेक माणसं काठावर वाकून एकदम ओरडत होती, आणि त्यांच्या पायांखालून नवी वाळू सुरजारामच्या तोंडाकडे घरंगळत होती. कुणी म्हणे ट्रॅक्टर आणा, कुणी म्हणे दोर टाकून ओढा.

"मागे हटा!" भंवरू गरजला. तीस-चाळीस जवान या आवाजावर उभे राहायचे. इथं एकानं मान वळवून पाहिलं आणि तो पुन्हा ओरडू लागला.

तेवढ्यात जैतून आली. ती धावत नव्हती. तिनं आवाजही फारसा चढवला नाही.

"खाली बसा सगळे. आता बसल्या जागेवरून मागे सरका. हनुमान, तूसुद्धा. ट्रॅक्टर गावात कुणी सुरू करायचा नाही, जमीन हादरते."

माणसं बसली. बसल्या बसल्या मागे सरकली. भंवरू बघतच राहिला.

"गोमती, रडू नकोस. त्याच्याशी बोल. भांडायचं तर भांड, पण त्याला झोपू देऊ नको." मग ती बायकांकडे वळली. "घमेली आणा. खाटा-बाजा आणा. आणि घरोघरी सांगा, दारं काढून आणा."

"दारं?" कुणीतरी विचारलं.

"घराची दारं. फळ्या शोधायला वेळ नाही." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही खंदकाच्या भिंती धरता ना? तुम्ही आत उतरा. काय हवं ते मला सांगा, मी यांना सांगते."

भंवरूनं आयुष्यात पुष्कळ साहेबांचे हुकूम झेलले होते. इतका साफ हुकूम क्वचितच ऐकला असेल.

भार एका जागी पडू नये म्हणून काठावर बाजा उलट्या पसरल्या. पलीकडच्या घट्ट बाजूनं दोर धरून तो उतरला. वरून दारं येऊ लागली. गावकुसाबाहेरच्या मेघवालांच्या वस्तीतली पत्र्याची दारं, जाटांची बाभळीची, त्याच्या स्वतःच्या घराचं निळं दार. ठाकुरांच्या वाड्याचं पितळी फुल्यांचं दार चौघांनी खांद्यावर आणलं. ठाकुरांच्या घरच्या सुनेनं आजवर उंबरठा ओलांडला नव्हता. तीही दारामागोमाग घूंघट घेऊन आली आणि रांगेत उभी राहिली.

भंवरूनं सुरजारामभोवती चारी बाजूंनी दारं उभी करून चौकट ठोकली. मग हातानं वाळू उपसायची, घमेलं वर द्यायचं. वरून गोमतीचा आवाज अखंड येत होता.

"म्हटलं होतं, दोन माणसं लाव! नाही! पैसे वाचवतो म्हणे! आणि ती काळी शेळी विकायची नाही म्हणून हट्ट कुणाचा? बोल की!"

"शेळी... विकणार नाही," सुरजाराम पुटपुटला.

"ऐकलंत? मरायला टेकलाय, पण अक्कल नाही आली!"

भंवरूला हसू फुटलं. त्यानं वर पाहिलं. खड्ड्याच्या तोंडाशी निळं आभाळ, आणि सभोवार बायका. एरवी एकमेकींच्या घागरीला न शिवणाऱ्या त्या बायकांच्या हातांतून घमेलं पुढे पुढे जात होतं. धक्का नाही, गडबड नाही. गोमती सोडली तर कुणी बोलत नव्हतं. आणि मधे जैतून, मान किंचित कलती करून, वाळूचा आवाज ऐकत उभी. तिच्या खांद्यावर फीत नव्हती, हातात काठी नव्हती. पूर आलेल्या नद्या भंवरूनं पाहिल्या होत्या, बर्फाचे कडे तुटताना पाहिले होते. पण असं काही पाहिलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा सुरजाराम बाहेर आला. पाय बधिर झाले होते, पण जिवंत होता. जीपमधून त्याला तालुक्याला नेलं.

उरली दारं. ती पुन्हा बसवायचं काम भंवरूनं अंगावर घेतलं. बिजागरी ठोकत तो घरोघर फिरला, आणि ज्या घरी गेला तिथं काही ना काही ऐकू आलं. एक म्हातारी म्हणाली, "माझा मुलगा गेला तेव्हा तुझी बायको चाळीस रात्री माझ्याजवळ निजली." हनुमाननं सांगितलं, "मी दारू पिऊन पडलेला असायचो, फौजी. भाभीनं कधी उपदेश केला नाही. रोज संध्याकाळी मला तुमच्या म्हशीचं दूध काढायला लावायची. दूध काढायचं तर शुद्धीत राहावं लागतं." यातलं एक अक्षरही फोनवर तिच्या बोलण्यात कधी आलं नव्हतं. रजेवर यायचा तेव्हा तो मालक असायचा आणि ती त्याच्या आवडीची, काचरीच्या आंबट रानफळांची चटणी वाटत बसायची.

शेवटचं दार स्वतःच्या घरचं. ते बसवून तो उंबरठ्यावर टेकला.

"मी जयपूरचं बोललो, तेव्हा 'बरं' का म्हणालीस?"

जैतून वाळू झाडत होती. "तुमच्या प्रत्येक बदलीला मी बरंच म्हणत आले. दुसरं काही म्हणायचं असतं, असं कुणी विचारलं होतं का?"

"आता विचारतो."

तिनं हातातलं काम बाजूला टाकलं. मग शेजारी येऊन बसली आणि बोलू लागली. तिचं लग्न झालं त्या वर्षापासून तिनं सुरुवात केली. चुलीवरची भाकरी करपली तरी ती उठली नाही आणि त्यानं तिला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं जयपूरच्या दोस्ताला नकार कळवला. "खुळा झालास का? वाळवंटात बसून करणार काय?" दोस्त म्हणाला.

"दारं बसवीन," भंवरू म्हणाला. दोस्ताला काही कळलं नाही.

काही महिन्यांनी तो कायमचा घरी आला, तेव्हा हार घालायला आलेल्यांत सुरजारामही होता, काठी टेकत. भंवरूनं पेन्शनीतून सागाच्या जाड फळ्या आणि लोखंडी कोन घेऊन उचलून नेण्याजोग्या चौकटी बनवल्या. आता आसपासच्या गावांत कुणी टाकं खणायला काढलं की आधी त्या चौकटी उंटगाडीवरून जातात आणि मागोमाग भंवरू. चौकटींनी भिंती धरल्याशिवाय कुणी आत उतरत नाही.

घरात मात्र तो अजून नवशिकाच आहे. परवा पाच-सहा बायका जैतूनकडे काही गाऱ्हाणं घेऊन आल्या. भंवरू बाजेवर लवंडला होता. तो झटकन उठला, बाज त्यांना रिकामी करून दिली आणि चुलीकडे जाऊन स्वतः चहा टाकला. चहात साखर घालायची राहिली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पाहुण्यानं केलेला चहा प्यावा तसे मुकाट्यानं कप संपवले.