ओटीला नाही म्हणू नये

मी मुळात संशयी बाई. दूधवाल्याने हसून नमस्कार केला, तरी आधी दुधात बोट बुडवून बघते. त्यामुळे ना सण ना वार, अशा एका साध्या शुक्रवारी नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या देवीच्या देवळातून ओटी भरण्याचं बोलावणं आलं, तेव्हा माझे कान टवकारले.

ओटी भरायची होती गल्लीतल्या एका नव्या सुनेची. भाड्याची खोली, नवरा लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला, माहेर दूर जंगलाकडच्या खेड्यात. आमच्या भजनी मंडळात ती टाळ धरायची. पंधरवड्यापूर्वी देवळाच्या कोठीत प्रसादाचे तांदूळ निवडायला ती एकटी बसली होती. देवळाचा कारभार पाहणाऱ्या काकाजींनी आत येऊन दार लावलं आणि तिच्या अंगावर हात टाकला. ती ओरडत, ओरबाडत सुटली आणि नवऱ्याला घेऊन सरळ पोलीस ठाण्यात गेली. तेव्हापासून अर्धी गल्ली मुकी झाली होती आणि उरलेली अर्धी तिला शहाणपण शिकवत होती.

आणि ओटी भरणार कोण, तर काकाजींची बायको! आता संशय घेऊ नको तर काय, आरती ओवाळू?

निरोप घेऊन आल्या होत्या आमच्या मंडळाच्या बाई. पेटी त्याच वाजवतात, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही.

"काकीजी म्हनते, पोरीले इथं माहेर नाई. मीच तिचं माहेर होते," बाई म्हणाल्या.

"अन् काकाजी मग तिचे कोन झाले?"

"बापच की वं."

"मंग बापाविरुद्ध पोरगी जबाब देईन का?"

बाई चिडल्या. "तुले सगळ्यात काळंच दिसते. ओटीले नाई म्हनू नये, एवढं तरी माहीत हाय ना तुले?"

गोम इथेच होती. ज्या घरची ओटी घेतली ते घर माहेर, असं आमच्याकडे मानतात. आणि ओटी नाकारली तर तो देवीचा अपमान. म्हणजे घेतली तर तक्रार गेली, नाही घेतली तर इज्जत गेली. हा डाव ज्याने कोणी रचला, त्याला आमची देवी चांगलीच पाठ होती.

मी तडक पोरीच्या खोलीवर गेले आणि नको जाऊ म्हणून सांगितलं.

"नाई गेली तं म्हनतीन, ही देवीले मानत नाई, हिची तक्रारही खोटीच असन," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "अन् मी तं मानतो ना देवीले. मी काहून सोडू?"

शुक्रवारी तिच्या शेजारीच बसायचं ठरवून मी घरी आले.

शुक्रवारी देवळात पाऊल टाकलं आणि माझी खात्रीच पटली. बायकांच्या भजनाकडे कधी न फिरकणारे चार पुरुष दारात हात जोडून उभे होते, आणि त्यातल्या दोघांच्या हातात मोबाईल तयार होते. फोटो निघाला की तो ठाण्यात दाखवायचा, समेट झाला म्हणायचं, एवढं न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. काकाजी स्वतः आले नव्हते. तबकात साडी मात्र अशी भरजरी, की सख्ख्या लेकीला देतानाही माणूस दोनदा विचार करील.

बाईंनी देवीच्या गोष्टीतलं पद धरलं. राक्षस आधी सैन्य पाठवत नाही, गोड बोलणारा दूत पाठवतो. म्हणतो, माझ्याकडे ये, सगळी संपत्ती तुझी. कितीदा म्हटलंय आम्ही ते. देवी त्या दूताला हाकलून लावते. मी गाताना मुद्दाम आवाज चढवला. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग पोरगी पाटावर बसली. काकीजींनी कुंकू लावलं. पोरीने पदर पसरला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडी, खण, नारळ पदरात पडले. मोबाईल वर झाले. काकीजींनी तांदळाची ओंजळ भरली.

"काकीजी," पोरगी म्हणाली, "आता तुमी माह्यं माहेर झाल्या, खरं ना?"

"हो वं माय."

"मंग उद्या माह्यासंगं ठाण्यात चला. माहा जबाब हाय. पोरीच्या अंगावर कोनी हात टाकला, तं माहेरची मानसं तिच्या बाजूनं उभी राहतेत."

दारातला एक जण खाकरला. काकीजींच्या ओंजळीतून तांदूळ सांडायला लागले, तरी त्यांना कळेना. मग त्या वाकल्या आणि पोरीच्या कानाशी म्हणाल्या, "तू काई पहिली नाई वं." मी शेजारीच बसले होते, म्हणून ऐकू आलं. ते सांत्वन होतं, कबुली होती की धमकी, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या तबक तिथेच टाकून निघून गेल्या.

आता बाई उठून पोरीलाच फैलावर घेणार, म्हणून मी कंबर कसून बसले.

बाईंनी पेटीचा भाता बंद केला, कडी लावली.

"उद्या किती वाजता जाचं हाय?" त्यांनी पोरीला विचारलं. "मीबी येतो. मलेबी जबाब द्याचा हाय."

लग्न होऊन नागपुरात आल्यापासून बाई दरवर्षी काकाजींच्या घरची ओटी घेत आल्या होत्या. मी त्यांना कसला जबाब म्हणून विचारलं नाही.