सोयराबाईनं गिळलेल्या गोळ्या

निवृत्ती विजयनगरात बायकांचे ब्लाऊज शिवायचा. कापणं-शिवणं त्याचं, हुक-काजं त्याच्या बायकोची, सोयराबाईची. तीस वर्षं असंच चाललं होतं. मग ती खोकायला लागली, वाळत गेली. थुंकीत जंतू सापडले. डॉक्टर म्हणाले, टीबी.

निवृत्तीनं गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, ती हुणसूरला बहिणीकडे गेलीय. होती ती दुकानामागच्या खोलीतच. कुणी आलं की पदराचा बोळा तोंडात धरून खोकला दाबायची.

पाच महिने गोळ्या झाल्या, तरी गुण येईना. गोळी घेतली की तिला मळमळायचं. निवृत्तीला वाटलं, ही नक्की टाकून देतेय. एका सकाळी सून कावेरीसमोरच तो म्हणाला, "तोंड उघड. जीभ वर कर."

"गिळली हो मी."

"मग बरी का होत नाहीस?"

तिनं तोंड उघडलं. कावेरी मान फिरवून आत गेली. मग रोज सकाळी हेच.

शेवटी ते दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी थुंकी पुन्हा तपासायला पाठवली. निकाल यायला दीड महिना लागला.

"हा टीबी नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्याच कुळातला दुसरा जंतू आहे, माती-पाण्यातला. क्वचितच कुणाच्या छातीत घर करतो. एकाचा दुसऱ्याला सहसा लागत नाही. आधीच्या गोळ्यांनी तो जाणारा नव्हता. त्या चुकवल्या होत्या का?"

"नाही," निवृत्ती घाईनं म्हणाला. "एकही नाही." सोयराबाईकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही.

बसस्टॉपवर तो पुटपुटला, "माझं चुकलं."

"संशय घेतलात, घ्या. पण सुनेसमोर? बैलाचे दात बघतात तसं?"

बसमध्ये तिच्याशेजारची जागा रिकामी होती, तरी तो उभाच राहिला.

घरी आल्यावर त्यानं कावेरीला बोलावलं. "तुझ्या सासूनं एकही गोळी टाकली नव्हती. मीच तिला खोटं ठरवलं." कावेरी सासूचा हात धरून तिला आत घेऊन गेली.

नवी औषधं दीड वर्ष चालली. खोकला पुरता गेला नाही, पण अंग भरलं. सोयराबाई दुकानात येऊन बसू लागली. गिऱ्हाइकं विचारत, "हुणसूरहून कधी आलात?" ती नवऱ्याकडे बघायची. आणि दर वेळी निवृत्तीलाच खाली मान घालून सांगावं लागायचं, "ती कुठं गेलीच नव्हती."