बेसचा कान

आमच्या घरात रेडिओच्या बटणाला कान म्हणायचे. “जरा कान पिळ रे त्याचा,” असं आबा म्हणाले की आम्हा दोघा भावंडांपैकी जो जवळ असेल तो उठून आवाज वाढवायचा. वाढवायचाच. कमी करायला कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. आबा, म्हणजे आमचे वडील, शिंदखेड्याला जिनिंगमध्ये होते, कापसाच्या मशीनवर. घरी आले तरी मशीन चालू असल्यासारखे ओरडून बोलायचे, मग आम्हीही ओरडायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्याकडे रोज भांडण असतं.

म्हणून माझा मोठा भाऊ फोनवर फारच मोठ्यानं बोलायला लागला, तेव्हा मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. आमच्याकडची रीतच ती.

“बाई, बेसना कान खराब व्हई गया,” तो धुळ्याहून अहिराणीत ओरडला. “पिळा की खरखर करस. सुटी कव्हय शे तुले?”

भाऊ ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. वाजवायचा, असं लिहायला पाहिजे, पण अजून ते हातून लिहिलं जात नाही. हळदीचे कार्यक्रम, लग्नं, जयंत्या. गाणारीला टाळ्या मिळायच्या, ढोलकीवाल्याला नोटा मिळायच्या. बेसवाल्याकडे कोणी बघत नाही. तो मात्र म्हणायचा, “मी थांबनू ना, मंग समजी तुमले.”

मी जळगावला, पिंप्राळ्यात राहते. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी करते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. कोणी विचारो न विचारो, मी हे सांगते. माझी स्वतःची सोल्डरिंग आयर्न आहे आणि सासरी मिक्सर बिघडला तरी तो माझ्याकडेच येतो.

भाऊ एसटीनं आला. एका खांद्याला बेसची काळी बॅग, दुसऱ्या हातात सरावाचा छोटा अँप्लिफायर. चहासुद्धा घेतला नाही. वायर जोडली, बटण फिरवलं, आणि खरंच खरखर आली. वाळलेल्या पाल्यावरून कोणी चालत जावं तशी.

“आयकं?” तो म्हणाला.

“ऐकलं ना भाऊ. बस आता शांत.”

मी मागची प्लेट उघडली. आत तीन कंट्रोल होते, दोन आवाजाचे, एक टोनचा. लोक ज्याला बटण म्हणतात ती नुसती टोपी असते. खालचा कंट्रोल हा खरा कान. त्याच्या पोटात काळी पट्टी असते आणि तिच्यावरून एक बारीक पातं फिरतं. त्या दोघांमध्ये घाण बसली की खरखर होते. इथे तर सगळा खळगा पिवळा झाला होता. वर्षानुवर्षांची हळद. लोकांनी एकमेकांना फासलेली, उडवलेली, टोप्यांच्या फटीतून आत गेलेली. आणि वर चिकट तेल.

“हे तेल कोणी घातलं?”

“मी. तुनी वहिनीना शिलाई मशीननं. आठ दिन मस्त चालनं.”

“भाऊ, तेलानं धूळ धरून ठेवली सगळी!”

“मंग तुले शिकाडं कसाले? तेच धुवाले.”

मी हसले. ब्रशनं हळद झाडली, प्रत्येक कंट्रोलच्या फटीतून क्लीनरचा फवारा मारला आणि त्याला बटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला बसवलं, कारण नुसत्या फवाऱ्यानं काही होत नाही, फिरवल्यावरच पट्टी घासून निघते. तो लहान मुलासारखा मान खाली घालून फिरवत बसला. पुन्हा जोडलं. कान पिळला. खरखर नाही. तारेला हात लावला, तर नुसता गोल, जाड सूर. माझा ओट्यावरचा डबासुद्धा थरथरला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

भाऊनं मान वाकडी करून थोडं ऐकलं. “कमी व्हयनी,” एवढंच म्हणाला.

आठवडा झाला नसेल, पुन्हा फोन. “खरखर गयी नही वं. तुनं शिक्षण काय कामनं?”

हे मला लागलं. गमतीत म्हणाला होता, तरी लागलं. मी तिन्ही कंट्रोल नवे घेतले, आयर्न पिशवीत टाकली आणि रजा काढून धुळ्याला गेले.

दार वहिनीनं उघडलं. घरात टीव्ही एवढा मोठा लावलेला, की माझी बेल तिला ऐकू आली हेच नवल. “काय करू ताई,” ती म्हणाली, “मी कमी केला की हे वाढवतात. दूधवाला हाका मारून निघून जातो.” मी म्हटलं, आबा तसेच होते. दोघी हसलो.

जुने कंट्रोल काढून नवे बसवले. प्रत्येक जोड चकचकीत, गोल. लॅबमध्ये मुलांना दाखवावा असा. दुपार होती, खिडकी उघडी होती, दिवा लावायचं कारण नव्हतं. वहिनीनं टीव्ही बंद केला. भाऊ खुर्चीवर बसला, बेस मांडीवर घेतली आणि डोळे मिटून आवाजाचं बटण हळूहळू फिरवायला लागला. वाजवताना, ऐकताना तो डोळे मिटतोच.

“शे,” तो म्हणाला.

“नाही भाऊ. मला नाही ऐकू येत.”

“मले येस ना. तू नीट आयक. रेडिओनं टेसन हुकस ना, तशी.”

मी अँप्लिफायरला कान लावला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तेवढ्यात पंखा मंद झाला, दोन-तीन फेरे घेऊन थांबला. लाइट गेली होती. अँप्लिफायरचा लाल दिवा विझला. घरात एकदम अशी शांतता झाली, की गल्लीतल्या कोंबडीचं पाय खरडणं ऐकू यावं.

भाऊचे डोळे मिटलेलेच होते. बोटं बटण फिरवत होती.

“आते देख,” तो म्हणाला. “आते कशी करस! आयकं का?”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मग त्या विझलेल्या दिव्याकडे. भाऊनं उत्तर येत नाही म्हणून डोळे उघडले. आधी आमची तोंडं पाहिली. मग वर पंखा पाहिला.

“लाइट कव्हय गयी?”

बोटं अजून बटणावर होती. त्यानं ती सावकाश काढली आणि तळहात बेसवर पालथा ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

कानाच्या डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. त्यांनी बंद खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर उतरत जाणारी रेघ दाखवली. मोठ्या स्पीकरसमोर वर्षानुवर्षं उभं राहून आतली नस झिजली आहे, बारीक आवाज गेले, जाड थोडे उरलेत, आणि ती खरखर कानाची स्वतःची आहे. गेलेलं परत येत नाही. उरलेलं जपा, स्पीकरपासून लांब राहा. कानाला ऐकायचं मशीन लावता येईल.

“त्याले बी कान ऱ्हास का, पिळाले?” भाऊनं विचारलं.

डॉक्टरांना समजलं नाही. मला हसू आलं, आणि मग भाऊकडे बघवेना.

त्यानं लगेच सोडलं नाही. कानात कापूस घालून काही कार्यक्रम केले. बेस त्याला ऐकू यायची, गाणारीचे शब्द यायचे नाहीत. एका हळदीला गाणं संपलं, सगळे थांबले, आणि हा डोळे मिटून वाजवतच राहिला. मंडपातल्या लोकांना ती गंमत वाटली. त्यांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. हे त्यानंच मला सांगितलं. “पहिलांदाव टाळ्या मिळन्यात बेसले,” म्हणाला.

त्यानंतर तो पुन्हा एसटीनं जळगावला आला आणि बेस, अँप्लिफायरसकट, माझ्याकडे ठेवून गेला. घरात दिसली की हात जातो, म्हणाला. आता एका गोदामात माल उतरवून घेण्यावर देखरेख करतो. मशीन घेतलं आहे, पण फार लावत नाही. त्यानं ताटवाट्यांचा आवाज टोचतो म्हणे.

कंट्रोल नुसते पडून राहिले तरी खराब होतात, म्हणून मी आठवण ठेवून बेस काढते आणि तिन्ही बटणं टोकापासून टोकापर्यंत फिरवते. रविवारी भाऊचा फोन येतो. जेवण, वहिनीचे गुडघे, सगळं बोलून झालं की शेवटी तो विचारतो, “कान कसा शे?”

मी अँप्लिफायर लावते. फोन स्पीकरच्या जाळीजवळ धरते आणि बटण सावकाश फिरवते, पूर्ण वर, पूर्ण खाली.

“काहीच आयकू येत नही वं,” तो पलीकडून ओरडतो.

“बरोबर आहे भाऊ,” मीही ओरडून सांगते. “तसंच पाहिजे.”