डिशच्या पायपाला बांधलेली गुढी

माझं काम काय आहे, हे आमच्या गावात कुणाला धड कळत नाही. त्याचा मला राग येत नाही. राग येतो तो "घरात बसून पगार घेती" या वाक्याचा. मी नेटवर्कवाली आहे. दूरदेशी कुणाच्या गोदामात, कुणाच्या कारखान्यात संगणकांची जी जाळी पसरलेली असतात, त्यांच्यावर नजर ठेवायची, बिघडली की इथून दुरुस्त करायची, जुनी झाली की नवी चालू करून द्यायची. हे सगळं मी निपाणीपासून आत, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या गावात, म्हशीच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत बसून करते. बेंगळुरूच्या ऑफिसातल्या माझ्या वरच्या बाई मीटिंगमध्ये विचारतात, "मागं कोण बोलतंय?" मी म्हणते, शेजारीण. खोटं काय आहे त्यात?

आधी मी बेंगळुरूलाच होते. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. आई नाही, मी एकटीच लेक. त्यांना फ्लॅटवर घेऊन गेले. नवव्या मजल्यावरच्या खिडकीशी खुर्ची टाकून दिली, टीव्ही लावून दिला. झटक्यानंतर आप्पांच्या तोंडून शब्द सुटे सुटे यायचे, तेही रुसल्यासारखे. एक दिवस ते बराच वेळ खाली बघत बसले आणि म्हणाले, "माती... न्हाय." जेवण सोडलं त्यांनी. मी चिडले, विनवण्या केल्या, पुन्हा चिडले. शेवटी कळलं, हा माणूस इथं जगणार नाही.

बाईंनी गावाकडून काम करायची परवानगी दिली, पण घासाघीस करून. "लाइन तुटता कामा नये. पाडव्याच्या दिवशी गोदामवाल्यांचं मोठं काम आहे, जुन्या यंत्रांवरून सगळं नव्यावर न्यायचं. त्यांना काही सुट्टी नाही. त्या दिवशी तू मध्येच गायब झालीस, तर पुढच्या आठवड्यात बेंगळुरूला हजर व्हायचं." त्यांचंही चुकत नव्हतं. म्हणजे आप्पा मातीवर राहणार की नवव्या मजल्यावर, हे त्या एका दिवसाच्या लाइनीवर येऊन ठेपलं होतं.

आणि आमच्याकडची लाइन म्हणजे काय विचारता! मोबाइल नेहमी जो टॉवर मोठ्यानं हाक मारतो त्याच्याकडं धावतो. आमच्या घराला दोन्ही राज्यांचे टॉवर हाका मारतात. पुढच्या सोप्यात फोन कर्नाटकात असतो, परसात गेलं की महाराष्ट्र स्वागताचा मेसेज पाठवतो. एका राज्यातल्या टॉवरकडून त्याच राज्यातल्या दुसऱ्याकडं जाताना बोलणं तुटत नाही, टॉवर एकमेकांना सांगून माणूस हवाली करतात. पण आमच्या सीमेवर हे हवाली करणं काही नीट जमत नाही, आणि बोलणं मध्येच खड्ड्यात पडतं. सीमेच्या भांडणात माणसं काय, लहरीसुद्धा भरडतात, असं मी म्हणते, आणि आप्पा अर्ध्या तोंडानं हसतात.

म्हणून डिश बसवायची ठरली. निपाणीपर्यंत हायवेच्या कडेनं जमिनीखालून काचेच्या तारा येतात. त्यांतून उजेडाच्या लुकलुकीनं सगळा मजकूर धावतो. गावापर्यंत तार ओढायला कुणी तयार नव्हतं. मग निपाणीत एका उंच इमारतीवर एक डिश आणि आमच्या गावात दुसरी, दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत डोळे घालून बसायचं. त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारी लहर जाते-येते. रेडिओची आणि उजेडाची ती सख्खी बहीणच. फक्त एक सुतासारखी रेघ मोकळी असून तिचं भागत नाही, काकडीसारखी मधे फुगलेली सगळी जागा तिला मोकळी लागते. मध्ये ऊस, नारळ, कुणाचं घर आलं की संपलं. आमचं कौलारू घर त्या कामाचं नव्हतं. गावात सगळ्यात उंच गच्ची होती गल्लीपलीकडच्या आक्कांची.

आक्का वयानं आप्पांएवढ्याच. जैन शेतकरी घर, मुलाशी कानडीत भांडायचं आणि आमच्याशी मराठीत. मी परवानगी मागायला गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"त्या डिशीनं चिमण्या मरत्यात का गं?"

"न्हाय आक्का. लई बारीक ताकद असती. तुमच्या चुलीसमोर बसल्यावर लागती तेवढीसुद्धा धग न्हाय."

"मग लाव जा."

पायप उभा राहिला, डिश बसली, तिथून गल्लीवरून एक केबल आमच्या खोलीत आली. मी आक्कांना फक्त बजावलं, डिशसमोर काही ठेवायचं नाही. त्यांनी ते व्रतासारखं पाळलं. पापड दुसऱ्या टोकाला, मिरच्या जिन्याजवळ, वाळत घातलेली लुगडीसुद्धा डिशला वळसा घालून.

संध्याकाळी त्या आमच्या अंगणात आप्पांच्या बाजेशेजारी येऊन बसत. आप्पांची बाज अंगणात अशी टाकलेली, की उताणं पडलं की समोर आक्कांची गच्ची, डिश आणि मागं नारळाचं झाड. एकदा आक्कांनी विचारलं, "एवढं समदं त्या बारक्या तारंतनं जातंय तरी कसं?"

मी म्हटलं, "समजा, एक लाकडी पलंग कोल्हापूरला धाडायचाय. अख्खा कोण एसटीवर घेईल? मग सुटा करायचा. चार पाय, चार पट्ट्या, फळ्या. एकेकावर पत्ता आन् नंबर घालायचा, आन् जी गाडी मिळंल तिच्या टपावर टाकायचा. कोण कागलवरनं जाईल, कोण राधानगरीवरनं. तितला माणूस नंबर बघून जोडतो. एखादा पाय आला न्हाय, तर निरोप धाडतो, तिसरा पाय पोचला न्हाय, दुसरा पाठवा."

"दुसरा पाय आणायचा कुटनं?"

"संगणकाकडं नक्कल असती, आक्का."

"तसलं सुतारकाम बरं हाय," आक्का म्हणाल्या. आप्पा बाज हलेपर्यंत हसले.

पाडव्याच्या सकाळी मी लवकर न्हाऊन कामाला बसले. दुपारी, आपल्या जेवणाच्या वेळेला, मुख्य काम सुरू व्हायचं होतं. त्याच्या आधी सगळी तपासणी. आणि लाइन हलायला लागली. तुटली नाही, हलायला लागली. पडद्यावरचा सिग्नल चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. मी राउटर बंद-चालू केला. केबल बदलली. निपाणीच्या माणसाला फोन लावला, तो सणाला सासुरवाडीला. बेंगळुरूहून बाईंचा मेसेज: सगळं ठीक? मी लिहिलं, ठीक.

मग लक्षात आलं, की बाहेर वाऱ्याची झुळूक आली की सिग्नल उतरतो. वारा पडला की चढतो. लहरींना वाऱ्याचं काही देणंघेणं नसतं. वारा हलवतो तो वस्तूंना. मी अंगणात पळाले, वर बघितलं आणि जागीच थांबले.

डिशच्या पायपाला आक्कांनी गुढी बांधली होती. चांगला उंच वेळू, वर तांब्या, कडुलिंब, साखरेची माळ, आणि ठेवणीतलं हिरवं इरकली लुगडं. वारा लुगड्यात भरत होता, वेळूला ओढत होता, वेळू पायपाला पिळत होता आणि पायपाबरोबर डिश मान वळवत होती. इथं डिश दोन बोटं फिरली की निपाणीत लहर चार वावरं पलीकडं जाऊन पडते. डोळ्यांत डोळे कसले, आमची डिश आता कुणाच्या तरी तंबाखूच्या वावराकडं बघत होती.

तोंडात आलेली शिवी मी सणाचा दिवस म्हणून गिळली आणि जिना चढले.

"आक्का! सांगितलं होतं की तुम्हाला!"

"समोर कुटं बांधलीया?" आक्का गोंधळल्या. "मागनं बांधलीया बघ. लुगडं बी बाजूला काढलंय."

खरंच, डिशसमोर काही नव्हतं. माझा नियम त्यांनी पाळला होता. पायपाला काही बांधू नका, हे सांगायचं मलाच सुचलं नव्हतं. कोण सांगणार असलं!

मी घाईघाईनं समजावलं. त्यांना पटलं. पण गुढी उतरवायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. दिवस बुडायच्या आत, पूजा करून, मगच उतरवायची. भर दुपारी कशी उतरवायची? वेळू पाटावर टेकवलेला, पाटाखाली रांगोळी, पाट हलवायचा नाही. शेवटी ठरलं की वेळूचं टोक पाटावर तसंच ठेवायचं, फक्त पायपाची दोरी सोडायची. आक्कांनी वेळू धरला, मी गाठी सोडल्या.

आता डिश पुन्हा जाग्यावर आणायची. पान्ह्यानं नट ढिले केले, पण मोबाइलवर सिग्नलचा आकडा इतका उशिरा यायचा, की डिश हलवून थांबावं, बघावं, पुन्हा हलवावं. वेळ हातातून चालला होता. इतक्यात खालून आवाज आला, "ए!"

आप्पा बाजेवर डावा हात उचलून होते. गेले कित्येक महिने दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर ती डिश आणि तिच्या मागचं नारळाचं झाड एवढंच तर होतं. डिशची कड कुठल्या झावळीला टेकलेली दिसते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी हात डावीकडं केला. मी डिश तिकडं सरकवली. अजून. अजून. मग हात थांबला.

"हां."

आकडा वर आला. मी केसभर इकडं, केसभर तिकडं करून तो आणखी चढवला आणि नट आवळले. "आक्का, गुढी त्या पिलरच्या सळईला बांधून टाका," असं म्हणत खाली पळाले. वाटेत आप्पांच्या डोक्यावरून हात फिरवला. एरवी मी असलं काही करत नाही.

काम चालू झालं. जुन्या यंत्रांवरची एकेक वाट बंद करायची, नव्यावर उघडायची, पलीकडून निरोप येईपर्यंत श्वास धरून बसायचं. एक वाट अडली, उलटी फिरवून पुन्हा उघडावी लागली. लाइन मात्र विहिरीच्या पाण्यासारखी स्थिर. मी जेवले नाही, उठले नाही, आप्पांना पाणी द्यायलाही म्हशीची धार काढायला येणारी बाई धावली. ऊन कलल्यावर बेंगळुरूच्या बाईंचा आवाज हेडफोनमधून आला, "झालं. सगळं चढलं." आणि जरा थांबून, "तू आहेस तिथंच राहा. बरं चाललंय."

मी हेडफोन काढला आणि तशीच बसून रडले. मग तोंड धुऊन आक्कांना सांगायला गच्चीवर गेले.

गुढी सळईला बांधलेली नव्हती. आक्का पाटाजवळ पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. वेळू दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, पदर डोक्यावरून ओढलेला, तोंड उन्हानं लालबुंद. दुपारपासून.

"आक्का, सळईला बांधा म्हटलं होतं ना!"

"सळई तितं लांब. पाट हलवला असता तर गुढी मोडली असती की गं." त्यांनी हात सोडवले तर बोटं आखडलेली. "तू खाली येवढं काम करतीस, मी नुसती बसलोय."

दुपारचं त्या जेवल्या नव्हत्या, आणि सूर्य बुडाल्यावर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. मी खाली जाऊन त्यांच्या सुनेकडून ताट आणलं. मग मी वेळू धरला आणि आक्का पुरणपोळी खायला बसल्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, "एवढी गच्ची पडली असताना पायपालाच का बांधलीत?"

त्यांनी घास गिळला. "जितनं तुज्या घरात भाकरी येती, तितंच बांधायची न्हाय तर कुटं? म्हटलं, पोरीचं आज काम हाय. ते बिघडलं तर आप्पाला पुन्ना त्या नवव्या माळ्यावर न्हेशील. देवाला जवळनं दिसूदे."

ज्या गुढीला मी मनात शिव्या घातल्या होत्या, ती माझ्यासाठीच उभारलेली होती. मी वेळू धरून उभी राहिले आणि लुगडं माझ्या तोंडावर येत राहिलं. तारा, टॉवर, डिश यांच्यावर माझं पोट चालतं, त्यांचे उपकार आहेतच. पण त्या दिवशी माझी लाइन एका म्हातारीच्या आखडलेल्या बोटांनी आणि एका म्हाताऱ्याच्या चालत्या हातानं धरून ठेवली होती, आणि हे ऋण मला फेडायचंही नाही. राहू दे अंगावर.

आक्कांनी हात धुतले, गुढीला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला. मग काहीतरी आठवून माझ्याकडं वळल्या.

"पोचला का गं तुजा पलंग?"

"पोचला आक्का. चारी पाय पोचले."

त्यांनी कठड्यावरून खाली, आमच्या अंगणाकडं बोट केलं. आप्पा बाजेवर उताणे पडून आमच्याकडंच बघत होते.

"आन् त्यो?"

"त्यो कुटं जात न्हाय," मी म्हटलं. "हितंच ऱ्हाणार."

"मग धर," आक्का म्हणाल्या, आणि आम्ही दोघींनी मिळून गुढी उतरवली.