मोठी जोडवी

‘आक्का सीरियस, निघून या’ अशी तार मेहकरला आली आणि मी तशीच निघाले. तारेतल्या ‘सीरियस’चा अर्थ आमच्याकडे कुणाला सांगावा लागत नाही... धामणगाव बढ्याला आक्काच्या सासरी पोचले तेव्हा माझी थोरली बहीण ओसरीवर निजवलेली होती. कित्येक वर्षांत मी तिला असं आडवं पाहिलंच नव्हतं. पाठ टेकली की तिचा श्वास कोंडायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची.

लहानपणी तापात तिचे सांधे सुजले होते. त्याच दुखण्यानं पुढे हृदयाची झडप आवळली. वरून काही दिसायचं नाही, उलट गालांवर लाली. वांगी तोडायला येणाऱ्या बाया आपसात म्हणायच्या, “मालकीनबाई कशी टमाटरावानी दिसून राह्यली, अन् म्हणे बिमार!” माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आक्का हसायची, आणि तेवढ्यानंही तिला धाप लागायची.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ बंद, आणि पायावर सूज दिसली की लगेच घेऊन या. सूज सगळ्यांत आधी जोडव्यांना कळायची, ती बोटांत रुतायची. एकदा तिनं ती काढून ठेवली, तर सासू कडाडली, “सवाशीन बाईचे पाय असे रिकामे? माह्या लेकाच्या जिवावर उठली काय वं?”

पुढच्या खेपेला पाहते तर आक्काच्या पायांत नवी, मोठी जोडवी. सासूनं सोनाराकडून मुद्दाम करून घेतलेली.

“आता रुतत नाही वं,” आक्का म्हणाली. घर कसं निर्धास्त झालं होतं! मी तिच्या पावलावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना.

“आक्का, आजच बुलढाण्याले चाल.”

“एवढा मिरचीचा तोडा होऊ दे. मंग जाऊ.”

मी भांड भांड भांडले, पण कुणालाच घाई वाटेना. जोडवी सैल होती ना! तोडा आटोपला, आणि तार आली.

दिवसकार्य झाल्यावर सासूनं ती जोडवी माझ्या हातावर ठेवली. “तिच्यासाठीच केली होती वं मी,” म्हणत म्हातारी ढसाढसा रडली. खोटं नव्हतं ते. माया होतीच तिची. ‘दिसते तर बरी’ असं आता कुणी कुणाबद्दल म्हणालं, की माझी नजर आधी पायांकडे जाते.

जोडवी माझ्या फडताळात आहेत. एरवी माझ्या पायाच्या अंगठ्यातही सैल झाली असती, एवढी मोठी. पण दोन्ही मधोमध कापलेली आहेत... शेवटच्या दिवशी आक्काच्या बोटांत तीही रुतली होती.